अधिक महिन्याची गॅरंटी

गॅरंटीचं नाव काढू नका रे माझ्यासमोर! संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती तेव्हाची गोष्ट. परळच्या आमच्या चाळीत मजल्यावर रेडिओ एकच, तो आमचा. मुंबईचं काय ठरतंय ते ऐकायला सगळा मजला आमच्या खोलीत जमायचा. आणि ऐन बातम्यांत तो मुका झाला!

आई आणि मी तो उचलून दादरच्या दुकानात गेलो. गेल्या दसऱ्याला विकताना मालक स्वतः म्हणाला होता, "वहिनी, पुढच्या दसऱ्यापर्यंत बिनघोर राहा." दसरा अजून आठवड्यावर होता. पण हा गृहस्थ आता बिलावरची इंग्रजी तारीख दाखवतो! म्हणे, "वर्ष संपलं, गॅरंटी संपली."

"अहो, यंदा अधिक महिना आला म्हणून दसरा लांबला," आई म्हणाली. "तुमचा शब्द दसऱ्याचा होता ना?"

"अधिक महिना पंचांगात, वहिनी. आमच्या धंद्यात तो धरत नाहीत."

माझं डोकंच फिरलं! मुहूर्त सांगून माल खपवायचा आणि दुरुस्तीची वेळ आली की पंचांग गुंडाळून ठेवायचं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने त्याला विचारलं, "अंगठी नवी दिसते?"

गडी खुलला. "सासऱ्यांनी घातली. अधिकाचं वाण!"

"अस्सं. म्हणजे जावयाच्या अंगठीला अधिक महिना चालतो, फक्त गिऱ्हाइकाच्या रेडिओला चालत नाही."

त्याने अंगठीचा हात खिशात घातला आणि दुसऱ्या हाताने रेडिओ आत ओढून घेतला.