बैल थांबवायची हाक

(सोलापूर–मंगळवेढा रस्ता, भर दुपार. रिकाम्या सर्व्हिस मोटारीत चाकामागे येडू, शेजारी त्याला शिकवणारा ड्रायव्हर कल्लप्पा.)

कल्लप्पा : चाक कशाला उरावर ओढतो बे? कासरा हाय का तो? ब्रेक दाब! ब्रेक!

येडू : होऽऽ! होऽऽ, राजा!

कल्लप्पा : पाय! पाय! ...थांबली एकदाची. मी हातब्रेक ओढलो म्हणून. न्हायतर दोघंबी त्या बाभळीत!

येडू : चुकलं, मास्तर.

कल्लप्पा : काल पण चुकलं. परवा कुंपणात घातलीस, तवा पण चुकलं. अरे, हिला कान न्हाईत बे! वरडून कोण ऐकणार, इंजीन?

येडू : कळतंय की. पर पुढं काय आडवं आलं की हात आपसूक मागं येत्यात, तोंडातनं हाक जाती. पाय हाय ह्येची यादच ऱ्हात न्हाय.

कल्लप्पा : मग विसर की ते बैल!

येडू : कसं इसरू? दुधाचं दात पडायच्या आदी बानं गाडीवर बसीवलं. हात धरून कासरा शिकिवला. हाक तर त्येचीच हाय.

कल्लप्पा : मालक पुढं नाक्यावर उभा हाय. तितं पायानं थांबवलीस, तर उद्यापासनं काम तुझं. न्हायतर तितंच उतरायचं. दोन डाव पांघरूण घातलो मी. आता न्हाय.

येडू : असं नगा करू, मास्तर. दोनी बैलं बुळकांडीच्या रोगानं गेली. बा तर त्येच्या आदीच गेला. मागं जाऊ तर कुटं जाऊ?

कल्लप्पा : मग चालव. गेर टाक. हं... उतार आला, हळू... येडू, मेंढरं! बाई हाय मधी! दाब! दाब बे!... थांबली. थांबली की! पायानं थांबवलीस!

गोजाबाई : मुडदा बशिवला तुजा! डोळं हायती का भोकं?

कल्लप्पा : लागलं न्हाय न्हवं, मावशी?

गोजाबाई : लागलं न्हाय, पर जीव उडाला की माजा! अरं, माणसानं तोंडानं तरी वरडावं. सादा गाडीवानबी हाक देतोय. ह्यो मुक्यावानी आला अंगावर! चला गं बायांनो, हिर्रर्र...

येडू : मास्तर, मी वरडलो न्हाय?

कल्लप्पा : एक शब्द न्हाय. चाकबी ओढलं न्हाईस. शिकलास बे! आता नाक्यावर चुकायचा न्हाईस. चल... का रे? रडतो का? काम मिळालं की तुला!

येडू : मिळालं, मास्तर. लई उपकार झालं. पर बा गेल्यापासनं त्येचा आवाज तेवढ्या हाकंतच ऱ्हायला हुता. माज्या तोंडातनं आली की वाटायचं, बाच वरडला.

कल्लप्पा : मग म्हण की आता. गाडी उभीच हाय. कोण अडवतंय?

येडू : होऽऽ... होऽऽ, राजा... न्हाय, मास्तर. बा असं म्हणत न्हवता.