सांगलीची तीन वर्षं

अमेरिकेतल्या डब्लिन गावच्या ड्रायव्हिंग लायसन्स ऑफिसात त्या दिवशी माझ्यापुढे त्रेचाळीस माणसं होती, म्हणून ऐकायचं नाही असं ठरवूनही मागच्या बाकावरच्या दोघींचं मराठी मी पूर्ण ऐकलं.

"गिरिजा, युनिव्हर्सिटीचं नकारपत्र आलं. माझी बी.एस्सी. तीनच वर्षांची, त्यांना चार हवीत."

"पण सावनी, युरोपातली तीन वर्षांची डिग्री चालवून घेतात. माझ्या पीएच.डी.चा विषयच तो आहे."

"त्यांची तीन वर्षं आमच्या सांगलीपेक्षा मोठी असतात का?"

"तिकडे शेहेचाळीस देशांचे शिक्षणमंत्री दर दोन-तीन वर्षांनी भेटतात. डिग्र्यांचा साचा सारखा ठेवू म्हणून सह्या करतात."

"म्हणजे कायदा?"

"छे गं, बंधन कुणावरच नाही. पुढच्या भेटीत सगळ्यांसमोर विचारतात, केलंत का? मग लाजेखातर करतात, नाहीतर केलं म्हणून ठोकून देतात."

"लाजेवर सरकारं चालतात? आणि यावर तू पाच वर्षं अभ्यास करतेस?"

"सहा. गाइडनं तर मला विचारायचंच सोडलंय. ते राहू दे, तुला अपील कधीपर्यंत करायचंय?"

"सोमवारपर्यंत."

"मग शुक्रवारी मी सगळ्यांसमोर विचारणार, लिहिलंस का."

"शुक्रवारी नको यार, दीपाकाकूंकडे पॉटलक आहे, प्रत्येकीनं एकेक पदार्थ न्यायचाय. मी साठ बटाटेवडे कबूल केलेत."

"शनिवारी?"

"शनिवारी काकूंची भांडी परत करायची."

"रविवारी?"

"रविवारी फोन कर, पण हळू बोल. अपील केव्हाच पाठवलं असं नवऱ्याला सांगितलंय."

"सावनी!"

"बघ ना, एम.एस.ला माझं एक वर्ष कमी पडतंय, पण मंत्री व्हायला काहीच कमी नाही."