कंपनीच्या डॉक्टरची चिठ्ठी

हसू नका हं, मी अजून त्या डॉक्टरचा आवाज विसरलेली नाही.

आमची शलाका तेव्हा पंधराची. तिची ऑटिझमची तपासणी मुंबईला करायची होती, पण यांच्या कंपनीचा नियम असा, की आधी कंपनीच्या डॉक्टरची चिठ्ठी हवी. आणि डॉक्टर तोच गुजराती, ती तीन वर्षांची असताना ज्याच्याकडे नेली होती तो!

मलाच झापायला लागला, “बेन, इतकी वर्षं काय केलंत? लहानपणीच आणायची ना!”

“आणली होती. तुमच्याकडेच.”

“शक्यच नाही. मी लगेच चिठ्ठी दिली असती.”

शलाका खिडकीबाहेर बघत होती. परक्यांपुढे ती कधी तोंड उघडत नसे. तिने मानही वळवली नाही, आणि खोलीत तिच्या तोंडून त्याचाच आवाज आला. बारा वर्षांपूर्वीचा. आधी त्याचं ते खाकरणं, मग, “कंई नथी बेन, छोकरी मोडी बोलशे. घेर लई जाव.” काही नाही, उशिरा बोलेल, घरी न्या. शेवटी त्याच्या टेबलावरच्या घंटीचं ‘टिंग’सुद्धा.

डॉक्टर पांढराफटक पडला. त्याने चिठ्ठी लिहून दिली.

घरी सुभानपुऱ्याला जायला रिक्षात बसल्यावर मी खुशीत म्हटलं, “बरी जिरवलीस गं त्याची!”

ती बाहेरच बघत होती. मग रिक्षात माझा आवाज आला. जुना, रडून बसलेला.

“बोला हो तिच्यासमोर. तिला कुठे काय कळतंय!”