दर अक्षराला एक थांबा

...आता मला सांगा, 'कृ' उमटायला किती वेळ लागावा? कृपयातला कृ हो! मी की दाबली, बोट उचललं, हात मांडीवर ठेवला, खिडकीतून बाहेर पाहिलं, तर समोरून केळ्यांनी भरलेला ट्रॅक्टर चालला होता, तो महादेवाच्या देवळापाशी वळला, दिसेनासा झाला, आणि तेव्हा कुठे पडद्यावर हळूच 'क' आला. नुसता क. खालचं ते वळण अजून वाटेत. आणि मी वाक्य कोणतं लिहीत होतो माहितीये? 'कृपया प्रतीक्षा करा.' तुम्हाला सांगतो, शेतकऱ्यानं मोबाईलवर बटण दाबल्यावर पंप चालू व्हायला पाच सेकंद लागतात म्हणून त्याला प्रतीक्षा करायला सांगायचं होतं, आणि ते सांगायला मला चार मिनिटं लागली. चार मिनिटांत तो बिचारा विहिरीवर चालत जाऊन पंप चालू करून परत आला असता.

थांबा, मी काय काम करतो ते आधी सांगतो, कारण सगळा घोळ त्या कामाच्या नावानंच केलाय. मी हेल्प लिहितो. हसू नका. तुम्ही एखादं ॲप उघडता, कोपऱ्यात प्रश्नचिन्ह असतं, ते दाबलं की पानं उघडतात... 'हे कसे करावे', 'ते चालत नसेल तर काय करावे'... ती पानं काय झाडाला लागतात? कोणीतरी बसून लिहितं. तो कोणीतरी म्हणजे मी, नवनीत, राहणार प्रकाशा, तालुका शहादा. अकरा वर्षं हेच करतोय. कंपनी पुण्याची, पंपाचं ॲप त्यांचं, त्याची मराठी हेल्प माझी. आणि ती लिहायला वेगळं सॉफ्टवेअर असतं, ते शेकडो पानं, त्यांची अनुक्रमणिका, चित्रं, या पानावरून त्या पानावर जायच्या वाटा, सगळं एकत्र बांधून देतं. देतं म्हणजे द्यायचं. हल्ली ते नुसतं गोल फिरवतं. कृपया प्रतीक्षा करा.

आता गावात येऊन हे कोणाला समजावणार? आमचे झिपरूकाका, वडिलांचे धाकटे भाऊ, एसटीत कंडक्टर होते, तीस वर्षं नोकरी करून रिटायर झाले. पहिल्याच दिवशी ओट्यावर बसवून मला विचारलं, "काय काम करस रे भो तू?"

म्हटलं, "काका, हेल्प लिहितो."

"हेल्प म्हंजे मदत ना?"

"हो, पण..."

"मंग चांगलं शे. लोकेस्ले मदत कर."

त्या 'पण'च्या पुढचं ऐकायला काका थांबले नाहीत. ते उठले आणि गावभर सांगून आले की नवनीतला पुण्याच्या कंपनीनं लोकांना मदत करायला घरी बसवलंय! दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर रांग. तापीबाईला रेशनकार्डाचं केवायसी करायचंय, कोणाच्या नातीचा कॉलेजचा फॉर्म, कोणाचा पीकविमा. मी म्हणतोय, "अहो मावशी, माझं काम वेगळं आहे," तर तापीबाई म्हणते, "माले माहीत शे ना भाऊ, तू हेल्पमा शे." हेल्पमा शे! जसं कोणी पोलिसात असतं, कोणी बँकेत असतं, तसा मी हेल्पमध्ये.

मग करायचे फॉर्म. भरायचे घरी, आणि छापायचे कुठे? शहाद्याला, बसस्टँडजवळ, भाग्येशच्या झेरॉक्सच्या दुकानात. भाग्येश माझा वर्गमित्र. लॅपटॉप पिशवीत घालायचा, एसटीत बसायचं, दुकानात त्याच्या वायफायला जोडायचा, कागद काढायचे, परत यायचं. गेल्या महिन्यात काकांचाच हयातीचा दाखला होता. म्हणजे काका जिवंत आहेत असा कागद. काका शेजारी उभे राहून भाग्येशला सांगतायत, "अजून एक काढ, सांभाळीसन ठेवसू." जिवंत असल्याची झेरॉक्स! असो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मी ठेवलं नाही, म्हणून तर हे रामायण.

तर त्या आठवड्यापासून सॉफ्टवेअर मंदावलं. आधी वाटलं, मलाच झोप येतेय. मग दिवसाला बारा पानं लिहिणारा मी चारवर आलो, चारवरून दोनवर, आणि एका सोमवारी पुण्याहून रंजिता मॅडमचा फोन. रंजिता मॅडम म्हणजे आमच्या हेल्प विभागाच्या प्रमुख. अतिशय गोड बोलतात, त्यामुळे जास्त भीती वाटते. "नवनीत, अरे काल दीड पान आलंय. अर्धं पान म्हणजे नेमकं काय असतं रे?"

म्हटलं, "मॅडम, सॉफ्टवेअर स्लो चालतंय."

"इथे तर मस्त चालतंय. तुमच्या तिकडे काहीतरी असेल."

तुमच्या तिकडे! जसं काही आमच्या तिकडे वीज बैलगाडीनं येते. मी म्हटलं, मॅडम, नेट उत्तम आहे, तुमचा चेहरा मला स्वच्छ दिसतोय. तर म्हणाल्या, "हो ना? मग असं करू. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पूर्ण हेल्प दे. नाही जमलं तर सोमवारपासून इथे ऑफिसात येऊन बस. घरून काम बंद."

इथे मला घाम फुटला. का ते सांगतो. माझी बायको रुपा शाळेत शिक्षिका. लग्नाला सात वर्षं झाली. त्यातली सहा ती धडगावकडच्या डोंगरातल्या शाळेवर आणि मी पुण्यात. दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी आणि बाकी फोन... तोही तिला रेंज मिळाली तर. यंदा तिची बदली प्रकाशाजवळ झाली आणि मी कंपनीला हातापाया पडून घरून काम मागून घेतलं. अकरा महिने झाले आम्ही दोघं एका घरात राहतोय. तुम्हाला गंमत वाटेल, पण सकाळी स्वयंपाकघरात तिच्या बांगड्या वाजल्या की मला अजून बरं वाटतं. भांडायचं असलं तरी समोरासमोर भांडता येतं, ही केवढी चैन आहे! आणि हे सगळं जाणार कशामुळे, तर 'कृ' उमटत नाही म्हणून.

रुपाला सांगितलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "मग तो कृ उमटव." बस. थोड्या वेळानं पाहिलं तर त्याच वहीवर तिचं पेन अजून तिथंच होतं.

मग मी लागलो मागे. पुण्याच्या सपोर्टवाल्याला फोन लावला. "सर, रिस्टार्ट करून बघितलं?" केलं. "सर, परत एकदा करा." केलं. "सर, आता?" आता गोल फिरतंय. "ओके सर, कृपया प्रतीक्षा करा," आणि फोनवर गाणं लागलं. मी चित्रं लहान केली. अँटीव्हायरसला हात जोडून सांगितलं, बाबा, या फोल्डरकडे बघू नकोस. जुनी पानं वेगळी काढली, लॅपटॉपमधलं लग्नाचं व्हिडिओ शूटिंग पेनड्राइव्हवर हलवलं, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. बुधवारी आईनं, निर्मलाबाईंनी, मिरच्या आणि मीठ घेऊन लॅपटॉपची नजर उतरवली. "तू पुनाथीन उना तैनपासून सम्दा गाव त्याले देखी ऱ्हायना," म्हणाली. सगळ्या गावाची नजर! म्हटलं, काय सांगावं, लागलीही असेल. झालं इतकंच, मिठाचा एक खडा कीबोर्डात गेला, आणि आता 'प' दाबला की आवाज येतो कर्रर्र. कृपया उमटत नव्हतंच, आता ते वाजायलाही लागलं.

गुरुवार दुपार. अडतीस पानं बाकी. मी लॅपटॉपसमोर बसलोय तसाच बसलोय, आणि झिपरूकाका आले. हातात कागद. "आपला तो दाखला वापस उना, सही दुसरी जागावर कराय गयी. अजून एक छापनं पडी."

म्हटलं, "काका, आज नको. आज माझी नोकरी चाललीय."

काका खुर्ची ओढून शेजारी बसले. मी एक की दाबली. दोघांनी पडद्याकडे पाहिलं. गोल फिरलं, थांबलं, अक्षर आलं. दुसरी की. गोल फिरलं, थांबलं, अक्षर आलं. काका दहा मिनिटं हेच बघत होते. मग म्हणाले, "इंजिन खराब नही शे."

"म्हणजे?"

"इंजिन खराब ऱ्हातं ते गाडी कोठे बी बंद पडती. हाई ते दर खांबाले थांबस आनि परत निंघस. हाई गाडी कोनीतरी पॅसेंजरनी वाट देखी ऱ्हायनी."

मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. तीस वर्षं बेल मारलेला माणूस, त्याला सगळीकडे एसटीच दिसणार. तोवर काकांचं बोट पडद्याच्या वरच्या पट्टीवर गेलं होतं. तिथे सरकत सरकत शेवटच्या शब्दावर थांबलं. "एच... ई... एल... पी. हेल्प! आरे, हाई ते तुन्हं काम शे ना? तू लिखेल शे का हाई?"

"नाही हो काका. मी पंपाची लिहितो. ही या सॉफ्टवेअरची हेल्प. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी लिहिलीय."

"त्यास्नाकडे बी तुन्हामायक एक मानूस व्हई?"

"असेल."

"मंग त्यानं काय लिखेल शे ते वाच ना."

"काका, ती कोणी वाचत..." आणि तुम्हाला सांगतो, वाक्य तोंडात अडकलं. अकरा वर्षं. अकरा वर्षं मी हेल्प लिहितोय, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितोय त्याची हेल्प मी एकदाही उघडली नव्हती. सपोर्टवाल्याला विचारलं, आईच्या मिरच्यांना विचारलं, पण माझ्यासारखाच कोणीतरी कुठेतरी बसून, घाम गाळून, माझ्यासाठी लिहून ठेवलेलं पान... ते नाही उघडलं. लाज वाटली मला. खरंच वाटली.

दाबलं. गोल फिरलं. कृपया प्रतीक्षा करा. केली. आणि पान आलं हो, मथळा काय, 'सॉफ्टवेअर मंद चालत असल्यास'! पहिलाच मुद्दा. लिहिलंय, तुमच्या संगणकाचा नेहमीचा प्रिंटर कोणता आहे ते तपासा, कारण पानाची मापं नीट बसवायला सॉफ्टवेअर त्या प्रिंटरला विचारत असतं, आणि प्रिंटर जोडलेला नसेल तर त्याच्या उत्तराची वाट पाहत बसतं. मी तपासला. नेहमीचा प्रिंटर: भाग्येश झेरॉक्स, शहादा.

कळलं का काय झालं होतं? काकांचा दाखला भाग्येशच्या नव्या प्रिंटरवर छापला, तेव्हा लॅपटॉपनं मनाशी ठरवून टाकलं की यापुढे आपला प्रिंटर हाच. त्यानंतर मी इथे प्रकाशा गावात 'क' लिहिला की हे विचारतंय शहाद्याच्या भाग्येशला, लिहू का? आणि इथे भाग्येशचं वायफाय कुठून येणार! मग हे थांबणार, वाट पाहणार, कंटाळणार, आणि एकटंच 'क' उमटवणार. पुढच्या अक्षराला पुन्हा शहादा. दर अक्षराला शहाद्याला जाणं-येणं चाललं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

"पॅसेंजर सापडना?" काकांनी विचारलं.

म्हटलं, "सापडला. तुमचाच दाखला आहे."

काका जरा विचारात पडले. "म्हंजे मी जित्ता शे म्हनीसन तुन्ही मशीन बंद पडनी?"

प्रिंटर बदलला. आणि मग... काय सांगू तुम्हाला, मी की दाबायच्या आधी अक्षर उमटतंय असं वाटायला लागलं. रात्री जेवायच्या आत वीस पानं, शुक्रवारी जेवणापर्यंत उरलेली अठरा, आणि सव्वातीनला सगळी हेल्प पुण्याला. रुपा शाळेतून आली, मी नुसती मान हलवली. तिनं पर्स खुंटीला अडकवली, चहा टाकला, आणि चहात दोनदा साखर घातली. मी तसाच प्यालो.

पाचला रंजिता मॅडमचा फोन. खूष. "नवनीत, ग्रेट! राहा बाबा तिकडेच. पण प्रॉब्लेम नेमका कसा सुटला?"

मी अभिमानानं सांगितलं, "मॅडम, हेल्प वाचली."

  त्यावर मॅडम म्हणाल्या, आणि तुम्हाला पुन्हा आठवण देतो, या हेल्प विभागाच्या प्रमुख... मॅडम म्हणाल्या, "अय्या, ती कोणी वाचतं?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ठीक आहे, तुम्ही नका वाचू, निदान मी तरी यापुढे वाचीन. त्याच संध्याकाळी एक पिवळी चिठ्ठी घेतली, मोठ्या अक्षरात लिहिली, आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात चिकटवली.

त्यानंतर मंगळवारी काकांचा नवा दाखला छापायला शहाद्याला जाऊन आलो. बुधवारी सकाळी लिहायला बसलो. 'कृ' दाबला. गोल फिरतंय. रिस्टार्ट केलं, गोल फिरतंय. चित्रं लहान केली, अँटीव्हायरसला पुन्हा हात जोडले, सपोर्टवाल्याचं गाणं दोनदा ऐकलं, आई मिरच्या आणायला उठली, तेवढ्यात झिपरूकाका आले, शेजारी बसले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "भो, हाई पिवळी चिठ्ठी कसानी शे?"

वाचली. 'शहाद्याहून आल्यावर प्रिंटर बदलणे.' अक्षर माझं. खाली सहीसुद्धा माझीच.