दिवे तूर्त न बदलण्याबाबत

विषय : सभागृहातले जुने दिवे तूर्त न बदलण्याबाबत. संदर्भ : ते तातडीने बदलण्याबाबतचा माझाच अर्ज... हसू नका! जन्मभर कारकुनी केली, विषय-संदर्भ सांगितल्याशिवाय तोंडच उघडत नाही. आणि आधीच सांगतो, दिवा उत्तम आहे, दिव्याबद्दल आपली काही तक्रार नाही!

तर आमच्या मेहुण्याचं कापडाचं दुकान, मागे शिंप्याचं मशीन, वर रस्त्यावर असतात तसे पिवळेधमक गुरगुरणारे सोडियमचे दिवे. मीच मागे लागलो, "अरे, इंडक्शन दिवे बसव! आत तारच नाही, जळणार काय? आणि वीज निम्मी!" वायरमन आला, वरच्या शेड तशाच ठेवून आतला सगळा संसार त्याने बदलला, बटण दाबलं आणि तुम्हाला सांगतो... पांढराशुभ्र उजेड! जुना दिवा तापेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, हा दाबल्याबरोबर हजर! मी तर टाळ्याच वाजवल्या!

आणि नेमका तेव्हाच बँडमास्तर कोट न्यायला आला. अख्ख्या बँडचे काळे कोट, शिवून ओळीने टांगलेले... काळे? अहो, पाठ काळी, बाह्या निळ्या, कॉलर हिरवी! पिवळ्या उजेडात गडद दिसेल तो तागा मेहुण्याने काळ्यांत टाकलेला, आणि शिंप्याने त्याच उजेडात कापलेला!

"मालक, हा कोट आहे की नकाशा?"

मेहुणा ओरडला, "दाजी, आधी तो दिवा बंद करा!"

शिंपी शांत. "काल काळेच होते."

दिवा उत्तम हो... पण बँडमास्तर रडकुंडीला! कार्यक्रम तोंडावर, मोठ्या सभागृहात वाजवायची पहिलीच संधी, नवे कोट शिवायला वेळ कुठाय? मग तोच एकदम उडाला, "अहो, सभागृहात अजून पिवळेच दिवे आहेत! तिथं काळे दिसतील!" सगळ्यांचे चेहरे फुलले, माझा सोडून. कारण तिथले दिवे बदला म्हणून मीच नगरपालिकेत अर्ज ठोकलेला, आणि तो मंजूर! नोकरीत साधी रजा कधी वेळेवर मिळाली नाही, आणि हा अर्ज मात्र झटक्यात! तिथं शिड्या लागल्यात, शिड्या!

धावत जाऊन दुसरा अर्ज दिला : कार्यक्रम होईपर्यंत थांबावे. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "काका, वर साहेब तुमच्या पहिल्याच अर्जाचं कौतुक करतायत. बसा."

बसलोय. डोक्यावर नवा दिवा आहे. उत्तम आहे, तक्रार नाही.

अर्ज विचाराधीन आहे.