चोचीवरची खाच

नको, बोलू नकोस दादा — ओठ बधिर झालाय, जीभ चावशील आणि नाव माझं होईल, बहीण दाताची डॉक्टर आणि भावाची जीभ तुटली. नुसती मान हलव. जड वाटतंय? नाकापर्यंत? बरं. थोडं थांबू, नीट भिनू दे. आणि हे बघ, इंजेक्शन दिलं म्हणजे दात काढायचाच असं काही नाही — हातच लावू देत नव्हतास, म्हणून दिलं. हो, पक्कड ठेवलीय ट्रेमध्ये, ती असतेच, तिकडे बघू नकोस, छताकडे बघ. मदतीच्या मावशींना आज बाहेरच बसवलंय मी. आज आपण दोघंच.

बाकीच्यांना मी काय सांगते, ठाऊक आहे? रोज सांगते, याच खुर्चीत — दात पुढेमागे हलला तर बघू, सांभाळू, पण बोटाने दाबल्यावर आत जायला लागला, वर-खाली व्हायला लागला, की समजा हाड गेलं, आता तो नुसता हिरडीच्या भिडेखातर उभा आहे. हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, जरा बरं वाटतं, परत येते — तर ती गेली म्हणू नका, आतला पू वाट शोधतोय. दुखायचा थांबला म्हणून खूश होऊ नका, नस मेल्यावर दुखणार काय? आणि सूज डोळ्याकडे सरकली, अंगात ताप भरला, की मग विचार नाही करायचा — काढायचा. दातापेक्षा माणूस मोठा. असं मी धडाधडा सांगते, लोक रडतात, मी कापूस देते. यातलं तुझं काय बाकी आहे? काही नाही, सगळं आहे. आरशात बघितलंस का, डावा डोळा मिटायला आलाय तुझा. आणि परवापर्यंत मी तुला काय सांगत होते — गोळ्या घे, मिठाच्या पाण्याने गुळण्या कर, बघू.

हसू नकोस. दाढ असती तर मी असा घोळ घातला असता का? समोरचा वरचा दात आहे. क्लॅरिनेटची चोच त्याच्यावरच टेकते — चोचच म्हणायचो ना आपण त्या टोकाच्या तुकड्याला — आणि तूच सांगायचास, सूर आधी दाताला कळतो, मग कानाला. मला खरं वाटायचं नाही, तर एकदा ती चोच माझ्या दातांत दिलीस, दुधाचे दात होते माझे, म्हणालास फुंक, आणि सगळी कवटी वाजली माझी. घाबरून रडले होते मी. तर आता खोटा दात बसवीन, छान बसवीन, फोटोत कुणाला कळणार नाही — पण धरायला हाडच उरलं नसेल तर तो रात्री पेल्यात काढून ठेवायचा दात. त्याला कसला सूर कळणार? आणि बागेतला बँड सुटला तर तू काय करशील, वहिनीच्या दुकानात बसून बटणं विकशील? तू? चार बटणं मोजताना तीनदा चुकशील.

म्हणून चालवलं रे मी. तू यायचास, म्हणायचास, वाजतंय, रविवारी बागेत मस्त वाजवलं — की मी म्हणायचे, वाजतंय ना, मग राहू दे. रूट कॅनल केलं, परत उघडलं, परत केलं. शेजारच्या दातांना तारेने बांधला. जोर कमी पडावा म्हणून चोचीवर रबराची चकती कापून चिकटवली, थंडी सुरू व्हायच्या आधी — थांब, ती झिजली असेल एव्हाना, बदलून देते. तेवढा वेळ आहे आपल्याकडे. क्लॅरिनेटची पेटी आणलीयस ना? आणणारच, तू भाजीला गेलास तरी पेटी बरोबर. — ही कडी का इतकी घट्ट बसलीय.

दादा. ही चकती तर कोरी आहे. — तुझ्या दातांनी त्या चोचीला खोल खाच पाडली होती, नख अडकायचं माझं, आणि हे तर रबर आहे, एका रविवारात दबतं. यावर साधा वळ नाही. माझ्या कात्रीची कड अजून तशीच आहे. आणि चोचीखालची फुंकायची पत्ती वाळून चिकटून बसलीय. — म्हणजे तू वाजवतच नाहीस. थंडीपासून? आता पंखे लागलेत, दादा. आणि वहिनीला पढवून ठेवलंस, परवा फोनवर म्हणाली, बँड फार छान झाला. का? दाताला सोसत नाही हे कळून मला वाईट वाटेल म्हणून? नको, बोलू नकोस, मान हलव. — अरे देवा. मी दात ठेवतेय तुझ्या वाजवण्यासाठी, आणि तू ठेवतोयस माझ्यासाठी, पू गिळत, ताप अंगावर काढत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि बुक्क्या मारणारे आपणच. एक शब्द बोलायचास. तेव्हाच काढला असता तर हाड राहिलं असतं. हाड राहिलं असतं तर स्क्रूचा पक्का दात बसवला असता मी, आणि तू वाजवलं असतंस. कळतंय का तुला? वाजवलं असतंस तू.

बरं. इथे टोचतंय? इथे? नाही ना. मग उघड तोंड. अजून. डोळे मीट. करकर असा आवाज येईल, मोठा वाटेल, पण घाबरू नकोस, तो बाहेर ऐकू येत नाही, तो आधी दाताला — जाऊ दे. माझं मनगट सोड, दादा. सोड ना. असं धरून ठेवलंस तर मी ओढू कशी.