मार्केटला तोंड नसतं

...नाही, पण मारायचं कुणाला, तेवढं सांगा ना! तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीच सांगा. माझा उभा जन्म ठोसे मारण्यात आणि मारायला शिकवण्यात गेला, टायरच्या दुकानावर माझा बॉक्सिंगचा हॉल, समोर माणूस उभा असतो, त्याला एक नाक, दोन कान, एक जबडा, कुठं हाणायचं ते देवानंच आखून दिलेलं असतं. आणि ज्यानं मला आयुष्यात सगळ्यात जास्त बडवलं त्याला नाकच नाही! शेअर मार्केट हो! तुम्हाला सांगतो, मार्केटला तोंड असतं ना, तर मी ते फोडलं असतं!

सुरुवात कुठून झाली ऐका. साथ आली, हॉल बंद. बरोबरच आहे म्हणा, एकमेकांच्या तोंडावर फुसफुसत घाम उडवायचा धंदा आमचा, तो कोण चालू ठेवू देणार? पण जागेचा मालक, तो फोनवर काय म्हणतो, आवाज कसा तुपातला, "मास्तर, तुम्ही तर आपले घरचेच... पण पुढल्या तीन वर्षांचं भाडं एकरकमी द्या बुवा, नाहीतर एक सॅनिटायझरवाला गोडाऊनसाठी मागं लागलाय." घरचेच म्हणे! घरच्याला असं दाराबाहेर काढतात? बरं, पैसे होते माझ्याकडे, नव्हते असं नाही, पण पाऊणच होते, पाव कमी. आणि त्या पावानंच घात केला, कारण नेमका तेव्हा घरात मेहुणा होता.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. सगळे त्याला तेजीशेठ म्हणतात, कारण जगबुडी आली तरी हा छतावर बसून म्हणणार, "आता इथून वरच!" चार दिवसांसाठी म्हणून आला, लॉकडाऊन लागला, बसला ठाण मांडून. माझ्याच सोफ्यावर, माझीच उशी पोटाशी धरून मला म्हणतो, "दाजी, मार्केट आपटलंय. लोक घाबरून पळतायत, सगळं स्वस्त! आत्ता घाला, तुमचा पाव भाग असा सुटेल." आता मी कुठला शेअरवाला! पण त्यानं ती लाल रेघ दाखवली, आणि काय सांगू, अंगात मास्तर शिरला हो माझ्या. ती रेघ डळमळत होती, गुडघ्यात वाकत होती, आणि मी पोरांना आयुष्यभर काय ओरडत आलो? "डळमळला की घुसा! श्वास घेऊ देऊ नका!" घुसलो. अर्धे पैसे घातले. ते आणखी खाली! म्हटलं, वा, गुडघ्यावर आला गडी, आता सोडायचा नाही, उरलेले हाणले. ते आणखी खाली! अहो, इतकी वर्षं रिंगणात काढली, असं कधी पाहिलं नाही, पडतंय ते आणि सुजतंय माझं!

आणि वागणं काय त्याचं, वागणं! कुठल्या तरी लांबच्या देशात कुणीतरी शिंकलं, मार्केट धाडकन खाली. ठीक आहे, घाबरलं असेल, जीव आहे त्यालाही. मग आमच्या गल्लीत अँब्युलन्सवर अँब्युलन्स, कोपऱ्यावरचा टेलर गेला, बिचारा कालपर्यंत सगळ्यांना फुकट मास्क शिवून देत होता, आणि मार्केट? वर! म्हटलं, हे काय आता? टीव्ही लावला. तिथं एक तज्ज्ञ, वर टाय, खाली नक्की चड्डी असणार, घसा खाकरून म्हणतो, "पाहा, रुग्णवाढ मार्केटनं आधीच पचवलेली आहे." पचवली? टेलर पचवला? दुसऱ्या दिवशी लशीची बातमी, मी घरात उड्या मारतोय, मार्केट खाली! "पाहा, चांगली बातमी आली की नफावसुली होते." आणि वाईट आली की? "भीती." आणि काहीच आलं नाही की? "अनिश्चितता." डाव्या हाताचा असा एक हुक घातला मी टीव्हीला... पडदा अर्धा काळा, आणि उरलेल्या अर्ध्यातून तो बोलतोच आहे! जबडा गेला तरी बोलतोय! मग टीव्ही उचलून आपटला. मग बाथरूमच्या दाराला ठोसा मारला, तर हात आरपार, आणि अडकला की तिथंच! बायकोनं तेल लावून सोडवला, वर म्हणते, "दारानं काय घोडं मारलं होतं?" दारानं नाही गं बाई, पण मार्केटला तोंड असतं ना...

तर टीव्ही संपला, दार संपलं, मग घरात फोडण्यासारखं उरलं कोण? मेहुणा! मी बाह्या सरसावून निघालो, तो सोफ्यामागं, आणि मधे बायको. ही म्हणते, "सहा फूट! मुडदे पाडायचे तर सहा फुटांवरून पाडा! आणि आधी मास्क लावा!" लावले. दोघांनी लावले. पण सहा फुटांवरून ठोसा मारणार कसा? मग त्यानं फरशी पुसायचा मॉप घेतला आणि मी जळमटं काढायचा लांब झाडू. "दाजी, लाँग टर्मचा विचार करा!" असं ओरडत त्यानं तो ओला मॉप दिला माझ्या कानाखाली, फाट्कन! मी दांडा घातला त्याच्या बरगडीत. ट्यूबलाइट फुटली, भांड्यांची मांडणी कोसळली, एक पातेलं खिडकीतून बाहेर. खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात, त्या वर तोंड करून ओरडल्या, "मेलात की जगलात तेवढं कळवा, मी आत्ताच ड्यूटीवरून आलेय!" तेवढ्यात तेजीशेठ खाली बसला आणि खोकायला लागला. मी म्हटलं, नाटकं! पण बायकोनं दोघांच्या कपाळाला हात लावला, आणि दोघंही तापानं फणफणलेले. टेस्ट केली, दोघंही पॉझिटिव्ह. हिनं दोघांना मागच्या खोलीत ढकललं, बाहेरून कडी घातली आणि म्हणाली, "आता अंतराची गरज नाही. हाणा किती हाणायचं ते!"

आणि गंमत बघा, हाणायची परवानगी मिळाली आणि अंगात ताकदच नाही! मला जरा लवकर उतार पडला, याचं मात्र वाढतच गेलं. नर्सबाई फोनवरून म्हणाल्या, "त्याला पालथं झोपवा, हाताचा खोलगा करा आणि पाठीवर थोपटा. कफ सुटतो." मी विचारलं, "जोरात?" त्या म्हणाल्या, "थोडं जोरात." अहो, औषध म्हणून मार! मार्केट उघडलं की मी सुरू. "ही कुणाच्या सांगण्यावरून घेतली होती, सिमेंट?" धप्प! "आणि विमान कंपनी? विमानं जमिनीवर आहेत रे, गाढवा!" धप्प! "बँक!" धप्प, धप्प! तो उशीत तोंड खुपसून, "दाजी... उं... धरून ठेवा... उं... विकू नका..." आणि कफ सुटत होता हो! नर्सबाई म्हणाल्या, वा, काय छान हात आहे तुमचा! आयुष्यात एवढं समाधान मला कुठल्या बक्षिसानं दिलं नव्हतं.

पण एका सकाळी मी मारायला हात उचलला आणि त्यानं "उं" केलं नाही. उताणा केला, तर ओठ निळे. बोटाला लावायचा तो चिमटा असतो ना ऑक्सिजनचा, त्यावरचा आकडा घसरत होता, आणि हा अर्धवट शुद्धीत त्या आकड्याकडं बघत म्हणतो, "खाली आलंय दाजी... घ्या... घेऊन टाका..." मी रिंगणात खूप पोरं पडलेली पाहिली आहेत. उठणाऱ्याचे डोळे वेगळे असतात आणि न उठणाऱ्याचे वेगळे. मी घाबरलो. बाहेर बायको दार बडवतेय, "माझ्या भावाला काय झालं? बोला ना, काय झालं?" हॉस्पिटलमध्ये खाट नाही. नर्सबाईंनी ऑक्सिजनच्या मशीनवाला एक माणूस गाठला, त्यानं किंमत सांगितली, आणि मेल्यानं असा काही भाव लावला की माझे सगळे शेअर विकले तर जेवढे आले असते, बरोब्बर तेवढे! जसा काही माझा खिसा चाचपून बसला होता!

विकले. काय करणार? सगळे विकले. पैसे खात्यात यायला दोन दिवस, तेवढा वेळ मशीनवाला नर्सबाईंच्या शब्दावर पैशांसाठी थांबला. अहो, ज्यानं कधी कुठल्या पोराच्या वतीनं हार मानून रिंगणात टॉवेल टाकला नाही, त्यानं अंगठ्यानं एक बटण दाबलं, आणि गेला माझा हॉल! मशीन आलं, घरघरायला लागलं, आकडा हळूहळू वर चढला, आणि त्याच्याबरोबर, त्याच सकाळपासून, मार्केटपण! थांबेचना! दुकानं बंद, माणसं बंद, स्मशानात रांगा, माझ्या हॉलमध्ये सॅनिटायझरचे खोके छतापर्यंत, आणि हे वर, वर, आणखी वर! बायकोच्या मोबाइलवर तोच टायवाला, "पाहा, मार्केट नेहमी भविष्याकडं बघतं." आणि मी कुठं बघू? मार्केटला तोंड असतं ना, तर तुम्हाला सांगतो...

जाऊ द्या. तेजीशेठ वाचला. कडी उघडली, बायको त्याच्या गळ्यात पडून रडली, मीही रडलो, कशासाठी ते विचारू नका. तर हा उठून बसला, नाकाला नळी तशीच, आणि तोंडातून पहिला शब्द काय काढावा? "दाजी, विकले नाहीत ना? बघा, म्हटलं होतं ना, इथून वरच!"

मूठ वळली हो माझी! हात खांद्यापर्यंत मागं गेला, सगळ्या साथीची, त्या मालकाची, त्या टायवाल्याची कसर एका ठोशात काढणार होतो... आणि तसाच थांबलो. कारण माझी जन्माची पुंजी आता एकाच ठिकाणी गुंतलेली आहे, मेहुण्याच्या फुफ्फुसात. फोडून करू काय? नुकसान माझंच.